शाळेचं खाचर

आषाढ निम्मा सरला की माझं वर्गात लक्ष लागत नाही. हल्ली माझी शाळा नवलाख उंबरे गावाच्या बाजूला, कारखान्यांच्या वसाहतीला लागून आहे. खिडकीतून कंपनीच्या बसगाड्या दिसतात, पाळी सुटली की टपरीपाशी रेनकोटातली माणसं चहाला उभी राहतात. पण मधूनच एखादा टेम्पो जातो. मागं भाताच्या रोपांच्या हिरव्यागार जुड्या रचलेल्या, त्यांच्यात प्लास्टिकच्या खोळी पांघरलेल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. टेम्पो निघून जातो आणि मुळांना चिकटलेल्या चिखलाचा तो कच्चा, गार वास तेवढा खिडकीतून आत येतो. फळ्यावर काय लिहीत होते ते मी विसरते. "बाई पुन्हा गेल्या," असं पुढच्या बाकावरचं कुणीतरी कुजबुजतं आणि वर्गात खसखस पिकते. मी रागावत नाही, कारण मी खरंच गेलेली असते.

जाते ती टाकवे बुद्रुकच्या पुढं, आंदर मावळात, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका वाडीवर. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी काही वर्षं काढली. दोन खोल्या, एक ओटा, आणि शिक्षकही दोनच. मी आणि मुख्याध्यापक, ज्यांना अख्खी वाडी नुसतं गुरुजी म्हणायची. पावसाळ्यात ढग दारातून आत यायचे आणि खिडकीतून निघून जायचे. खडू ओलसर होऊन फळ्यावर उमटायचा नाही. पुस्तकांना बुरशी, सतरंजीला कुबट वास, आणि माझ्या साडीचा काठ जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओला तो ओलाच. वडगावहून स्कूटीवर टाकव्यापर्यंत यायचं, ती ओळखीच्या दुकानासमोर लावायची आणि पुढं जीपमध्ये कोंबून घ्यायचं. वाडीवर पोचेपर्यंत माणूस निम्मा भिजलेला आणि पूर्ण वैतागलेला असायचा.

आणि एवढं करून पोचावं, तर वर्गात मुलंच नाहीत. त्या भागात भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. आवणी लागली की शाळा ओस. कुणी धाकट्या भावाला सांभाळायला घरी, कुणी गुरांमागं, कुणी शेतावर भाकरी पोचवायला. गुरुजींना याचं काही वाटेनासं झालं होतं. "बाई, ह्या दिवसांतली शाळा दिवाळीला भरवावी आणि दिवाळीची सुट्टी आत्ता द्यावी," असं ते दरवर्षी म्हणायचे आणि हजेरीवर सही करून ओट्यावर पाऊस बघत बसायचे. मला मात्र संताप यायचा. मुलांचा नाही, आई-बापांचाही नाही. आपण शिकवतो त्याचा आणि बाहेर चाललंय त्याचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, याचा संताप.

अशाच एका जवळपास रिकाम्या वर्गात कोमलनं तो प्रश्न विचारला होता. कोमल चौथीतली, सावळी, हनुवटी पुढं काढून बोलणारी. तिची आई सविता म्हणजे आवणीत वाडीतली सगळ्यात चपळ बाई. सविता रांगेत असली की बाकीच्यांना तिच्या वेगानं सरकावं लागायचं. त्या दिवशी पुस्तकात भाताच्या शेताचं चित्र होतं. कोमलनं ते बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, "बाई, हितं रोपं लांब लांब दावलीत. आमची आय तर जवळ जवळ लावती. लांब लावली तर भात कमी येतं का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

ती माझ्याकडं बघतच राहिली. बाईंना माहीत नाही, हे तिला पुस्तकातल्या चित्राहून नवलाचं वाटलं असावं. मग म्हणाली, "मंग बघू की लावून."

त्याच सुमारास पुण्यातल्या काही निवृत्त शिक्षकांनी आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून एक निधी काढल्याचं कळलं. सरकारी शाळेतल्या शिक्षकाला वर्गात काही नवं करून बघायचं असेल, तर त्याला खर्चासाठी मदत द्यायची. अर्धी मदत सुरुवातीला आणि अर्धी काम प्रत्यक्ष बघून. आमच्या भागातल्या सगळ्या शाळांची एकच धांदल उडाली. जो तो टॅब मागणार होता. गुरुजींनी मला बाजूला घेऊन प्रेमानं समजावलं. "बाई, टॅबच मागा. टॅबचा फोटो चांगला येतो."

मी चिखल मागितला. म्हणजे शाळेमागच्या लहानशा खाचरात मुलांनी भात लावायचा आणि त्यासाठी दोऱ्या, वजनकाटा, भिंगं, मुलांच्या मापाचे गमबूट आणि पाऊस मोजायचं भांडं, एवढं मागितलं. खाचर शाळा समितीच्या अध्यक्षांनी त्या हंगामापुरतं देऊ केलं होतं. त्यात एरवीही फारसं काही पिकत नव्हतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. निधीचं काम बघणाऱ्या नलिनीताईंचा फोन आला. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या, आवाज करडा. म्हणाल्या, "भात तर ती मुलं घरीही लावतात. यात नवीन काय?"

मी म्हटलं, "लांब लावलं तर काय होतं, याचं उत्तर मला माहीत नाही आणि मुलांनाही माहीत नाही. आमच्या शाळेत असं आजवर झालेलं नाही."

पलीकडं त्या हसल्या. पहिली मदत मिळाली, आणि आवणीत येऊन खाचर बघेन, मगच उरलेल्याचं ठरवू, असं त्या बजावून म्हणाल्या. त्या दुसऱ्या मदतीवरच वर्षभराचं काम उभं राहणार होतं. काटा, भिंगं, पुढच्या हंगामाची तयारी, सगळं त्यात होतं. ती मिळाली नाही तर चिखलात एक दिवस खेळून झालेलं, एवढंच उरलं असतं. आणि कोमलचा प्रश्न पुन्हा कुणी काढला नसता.

आमच्या आवणीचा तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. खाचराच्या मधोमध दोरी बांधली. एका बाजूला नेहमीसारखी दाट आवणी. दुसऱ्या बाजूला गाठी मारलेली दोरी धरायची आणि प्रत्येक गाठीशी रोपाच्या दोनच काड्या लावायच्या. कोमल मुकादम. गमबूट पहिल्या पावलालाच चिखलात रुतून बसले, मुलांनी ते तिथंच सोडले आणि अनवाणी कामाला लागली. "ए, दोनच! तीन कशाला घातल्या? काढ एक," असा कोमलचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. गुरुजींनी धोतर खोचून दोरीचं एक टोक धरलं आणि शाळा सुटेपर्यंत सोडलं नाही. ज्या मुलांना आवणीपायी शाळा बुडवावी लागायची, ती आवणी करायला शाळेत आली होती. त्यावर एका बापानं बांधावरून विचारलंच, "घरची आवणी टाकून शाळंची करताय व्हय रं?" पण त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

दोरी काढल्यावर मुलांनी केलेली बाजू बघण्यासारखी दिसत होती. म्हणजे आम्हाला. पाण्यात आभाळ दिसत होतं आणि त्यात ठरावीक अंतरावर हिरवे ठिपके. मधे मोकळी जागाच जागा.

आता इथं सावड सांगायला हवी. वाडीत कुणाचीही आवणी एकट्यानं होत नाही. आज सगळ्यांनी माझ्या शेतात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, हिशोब नाही, ज्याच्या शेतात काम त्यानं जेवू घालायचं. आणि ज्याचं रान मागं पडलं असेल, घरात बाळंतीण असेल, कुणी आजारी असेल, त्याचं रान सगळ्यांनी मिळून न सांगता उरकायचं. मागं राहिलेलं रान वाडीला खपत नाही. त्यातली तुटक जागा, जिथं रोप धरलं नाही तिला नांगी म्हणतात, तीही हाताशी रोपं उरली की भरून टाकतात. याला नांग्या भरणं म्हणतात, आणि शेजाऱ्याच्या नांग्या भरणं हे पुण्याचं काम.

रविवारी शाळा बंद होती. सोमवारी मी जीपमधून उतरले तेव्हा कोमल शाळेच्या ओट्यावर पाय आपटत उभी होती. डोळे लाल. मी काही विचारायच्या आत तिनं माझा हात ओढत मला मागं नेलं.

खाचर भरलं होतं. काठोकाठ, हिरवंगार, एक बोट मोकळं नाही. रविवारची आवणी आटोपल्यावर सावडीच्या बायकांजवळ रोपं उरली होती. जाता जाता त्यांना शाळेचं खाचर दिसलं. निम्मं बरं, निम्मं पार उघडं. लेकरांना जमलं नाही, बाई शहरातली, गुरुजींचं वय झालेलं. त्या उतरल्या आणि भर पावसात, स्वतःच्या पाठी मोडलेल्या असताना, त्यांनी आमच्या सगळ्या नांग्या भरून टाकल्या. प्रयोगाची माहिती आम्ही शाळा समितीच्या सभेत रीतसर दिली होती, सभेत सगळे पुरुष होते, आणि ज्यांचे हात चिखलात जातात त्या बायका तेव्हा रानात होत्या. लेकरांचं ऐकायला आवणीत कुणाला फुरसत नव्हती.

सविता बांधावर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू. "बाई, झालं का मनासारखं? लय नांग्या पडल्या व्हत्या तुमच्या."

माझ्याआधी कोमल उसळली. "आये, तू माझा प्रयोग बुडवला!"

"काय बुडवलं?"

"आमी मुद्दाम मोकळं ठेवलं व्हतं!"

सविताचं हसू हळूहळू मावळलं. "मुद्दाम? मुद्दाम कोण मोकळं ठेवतं, ये बये?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं हो म्हटलं. तशी ती बांधावर मटकन बसली. "अगं, उघडं रान दिसलं. म्हटलं, आपल्याच पोरांची शाळा, न् वाडीतल्या कुणी हात लावला न्हाई, असं नको व्हाया."

नलिनीताई दोन दिवसांनी यायच्या होत्या. गुरुजींनी व्यवहारी तोडगा काढला. रोपं अजून धरलेली नाहीत, उपटून टाकू, पुन्हा गाठीची दोरी लावू. मुलं खाचरात उतरली. पण कुठली रोपं आपली आणि कुठली आयांची, हे कुणाला सांगता येईना. जे हाती लागेल ते मुलं उपटायला लागली. मी बांधाकडं पाहिलं. सविताच्या शेजारी आणखी दोघीतिघी येऊन थांबल्या होत्या. आपण लावलेलं आपलीच लेकरं उपटताना त्या बघत होत्या. मला ते सहन होईना. मी मुलांना वर बोलावलं. गुरुजी म्हणाले, "बाई, दुसरी मदत गेली." मी म्हटलं, "गेली तर गेली." म्हटलं खरं, पण त्या रात्री घरी जेवण गेलं नाही.

नलिनीताई आल्या त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. त्यांची गाडी ओढ्याच्या अलीकडंच थांबली आणि त्या छत्री सांभाळत चिखलातून चालत आल्या. खाचरापाशी उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि कोमलला विचारलं, "कुठं आहे तुमचा प्रयोग?"

कोमलनं माझ्याकडं बघितलं नाही. सरळ म्हणाली, "व्हता. आता न्हाई. आमच्या आयांनी नांग्या भरल्या."

सविता आणि बाकीच्या बायका शाळेच्या वळचणीला अंग चोरून उभ्या होत्या. आपल्यामुळं शाळेचं नुकसान होणार, एवढं त्यांना कळलं होतं. त्या माफी मागायलाच आल्या असाव्यात. नलिनीताईंनी छत्री मिटली आणि त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही इतकं दाट का लावता?"

"आमची आय लावायची तसं लावतो," सविता म्हणाली.

"कधी लांब लावून बघावंसं वाटलं नाही?"

सविता म्हणाली, "वाटायचं की. पण बघायला रान कुटं हाय ताई? येवढंच तर खाचर. चुकलं तर वरीसभर खायचं काय?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. इतके दिवस मी तो निधी म्हणजे दोऱ्या, काटा आणि भिंगं असं समजत होते. सविताच्या त्या एका वाक्यानं मला कळलं की आम्हाला खरी मिळाली होती ती चुकायची मोकळीक. शेतकऱ्याला ती नसते. खरं सांगायचं तर शिक्षकालाही नसते. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, निकाल लावायचा असतो, आणि एखादं वर्ष वाया गेलं तर ते मुलांचं जातं. म्हणून आपणही आपल्या बाईंनी शिकवलं तसंच शिकवत राहतो, दाट, एक बोट मोकळं न ठेवता. मला माझ्याच वर्गाचं हसू आलं आणि रडूही आलं.

तेवढ्यात सविता कोमलला म्हणाली, "ओढ्याकडचं आपलं खाचर अजून ऱ्हायलंय. त्याचा कोपरा घे तुला."

"किती?" कोमलची हनुवटी लगेच पुढं.

"घे की हातरुणायेवढा. तेवढ्यानं काय उपाशी मरत न्हाई आपुन."

"न् त्यात नांग्या भरायच्या न्हाईत."

"न्हाई भरणार गं बाई!"

बायका खळखळून हसल्या. आणखी एकीनं, मग तिच्या जावेनं, आपापल्या रानातला एकेक कोपरा देऊ केला. आणि नलिनीताई त्या चिखलात, भिजलेल्या साडीत, बायकांच्या बरोबरीनं ओढ्याकडं निघाल्या. निघताना मला एवढंच म्हणाल्या, "फोनवर तुम्ही मला एक खाचर सांगितलं होतं. इथं तर अख्खी वाडी निघाली."

दुसरी मदत आली. आम्ही आधी ठरवलेलं बरंचसं त्यातून घेतलंच नाही. दोऱ्या मात्र पुष्कळ घेतल्या, ज्या ज्या घरानं कोपरा दिला त्या घराला एक.

कार्तिकातल्या त्या दिवसांचा उजेड मला अजून जसाच्या तसा आठवतो. पावसानं धुतलेले डोंगर, खाली पिवळं पडलेलं रान, इंद्रायणी भाताचा घमघमाट. शाळेचं खाचर दाटीनं गुदमरलं आणि वाऱ्यात आडवं झालं. त्यातून जे निघालं त्याचा एक दिवस पोषण आहाराला भात झाला आणि वाडीतली झाडून सगळी माणसं जेवायला आली. कोपऱ्यांचं भात मात्र मुलांनी ओट्यावर काटा मांडून तोललं. कुणाच्या कोपऱ्यात उंदरांनी आधीच जेवून घेतलं होतं, कुणाच्या कमी भरलं. कोमलच्या कोपऱ्यातलं भात शेजारच्या तेवढ्याच दाट तुकड्याहून जास्त भरलं, आणि रोपं लागली होती अगदी थोडी. सवितानं काट्याकडं संशयानं पाहिलं. "काटा बिघडला असंल," म्हणाली. पुन्हा तोलायला लावलं. मग दोन्ही पिशव्या स्वतः उचलून बघितल्या, आधी ही, मग ती, परत ही. आणि कोमलच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला भाताची कुसं चिकटलेली होती.

त्यानंतर माझी बदली झाली. गुरुजी निवृत्त होऊन गावी गेले. कोमल आता टाकव्याच्या हायस्कूलला जाते. इथं माझ्या वर्गात कामगारांची मुलं आहेत, कुणी बीडची, कुणी बिहारची. मावळातला भात त्यांनी ताटातच पाहिलेला. यंदा पुन्हा त्या निधीसाठी लिहायचं माझ्या मनात आहे, फक्त अजून प्रश्न सापडलेला नाही. परवा एका मुलानं विचारलं, "बाई, सगळ्या कंपन्यांचे भोंगे एकाच वेळी का नाही वाजत?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." आणि सगळा वर्ग कोमलसारखाच माझ्याकडं बघत राहिला. मला फार बरं वाटलं.

काल संध्याकाळी सविताचा फोन आला. पलीकडं पाऊस इतका की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"बाई, आवणी झाली आज. सावड व्हती आमच्याकडं."

"कोमलचा कोपरा ठेवला का?"

"कोमलचा कशाला? ती आता दहावीच्या अभ्यासाला लागली. औंदा माझा हाय कोपरा. कोपरा कसला, निम्मं खाचर! मी म्हटलं, दोन काड्यांच्या जागी एकच लावली तर काय व्हतंय, ते बघू." मग तिचा आवाज जरा खाली आला. "धाकधूक व्हती बाई. पण लावलं."

मी विचारलं, "आणि सावडीच्या बायका? त्यांनी भरून नाही टाकलं?"

"उतरल्या व्हत्या की रोपं घिऊन! हात धरून वर काढल्या एकेकीला." ती हसत होती. "म्हटलं, बायांनो, ही जागा ऱ्हायलेली न्हाई. ही मी ठेवलीय."